मुलग्याचे वेगळे नाव: शोध मंदिरांत आणि इतिहासात

नावांच्या यादीतून ‘वेगळे’ म्हणून निवडलेले नाव नर्सरीत तिघांचे निघते, ही अनेक आईबाबांची तक्रार अगदी खरी. सगळे त्याच याद्या पाहतात. त्यापेक्षा आपल्याकडेच शोधा. गोव्याच्या कदंब राजांत जयकेशी आणि शिवचित्त आहेत. दोन्ही उच्चाराला सोपी, अर्थ सांगता येणारी आणि हल्ली क्वचितच ऐकू येणारी. ग्रामदेवतेकडून येणारे रवळनाथ आजोबांच्या पिढीत होते. मला ते आजही सुंदर वाटते.

मात्र हाक ठरवूनच नाव ठेवा. जयकेशीचा घरात ‘जय’ झाला की वेगळेपण संपले. ‘केशी’ म्हणायचे तर बारशापासून सगळ्यांनी तेच म्हणावे.

अक्षराचा हट्ट कशाला? उदाहरणार्थ, शततारका नक्षत्राला गो, सा, सी, सू ही चरणाक्षरे, म्हणजे जन्मनावाची पहिली अक्षरे. त्यावरून जन्मनाव पत्रिकेत ठेवा, व्यवहारातले मोकळेपणाने निवडा.

खरी अडचण रोमन स्पेलिंगची. ‘ऋत्विज’ आर-यू, आर-आय, एच-आर-यू असे कसेही लिहितात. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरे झाले की पासपोर्टच्या वेळी दुरुस्तीसाठी धावपळ. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्यांना तर शाळाप्रवेशापासून जन्मदाखलाच लागतो. म्हणून घाई नको: जन्मनोंद 21 दिवसांत करा, नाव नंतर घालता येते, नोंदणीपासून 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क. तोवर बापायचे नाव आणि आडनाव जोडून मोठ्याने म्हणून बघा, आद्याक्षरेही तपासा.