व्हेप (ई-सिगारेट) ओढणाऱ्याला दाताचं इम्प्लांट बसवताना सिगारेटवालाच धरायचं का?

हिरडीतज्ज्ञ: "सिगारेट सोडली, आता फक्त व्हेप" असं म्हणणाऱ्या पेशंटला बिनधोक समजून इम्प्लांट (दाताच्या जागी जबड्याच्या हाडात बसवायचे टायटॅनियमचे स्क्रू) बसवले जातात. माझ्या मते त्याला सिगारेट ओढणाराच धरावं. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची विक्री आणि साठा बंद आहे, म्हणून पेशंट आपणहून सांगत नाही. "सिगारेट ओढता का?" याला तो "नाही" म्हणतो, आणि ते खरंही असतं. केसपेपरवर व्हेपचा आणि निकोटिनच्या तीव्रतेचा वेगळा रकाना हवा. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात. हाड टायटॅनियमला धरण्याच्या काळात (खालच्या जबड्यात साधारण ३ ते ४ महिने, वरच्यात ४ ते ६) रक्तपुरवठा तोकडा पडतो.

कॅप_आणि_ब्रिज: सरसकट शिक्का मान्य नाही. १९९३ मध्ये बेन आणि मॉय यांना सिगारेट ओढणाऱ्यांत ११.२८ टक्के इम्प्लांट फसलेले आढळले, न ओढणाऱ्यांत ४.७६. पण तो हिशोब जळत्या तंबाखूचा, कार्बन मोनॉक्साइड आणि टारसकट. व्हेपवरचे बहुतेक अभ्यास छोटे, एकाच भेटीत मोजमाप घेतलेले. त्यातले बरेच जण आधी सिगारेट ओढणारे, मग हाड कशाने झिजलं हे वेगळं कसं काढणार? "दोन्ही सारखंच" म्हणालात तर पेशंट पुन्हा सिगारेटकडे वळेल.

हिरडीतज्ज्ञ: धूर नाही, मान्य. निकोटिन मात्र तेच. ५० मिग्रॅ प्रति मिलीचं २ मिलीचं पॉड (व्हेपच्या लिक्विडची कुपी) म्हणजे १०० मिग्रॅ, आणि ते दिवसभर थोडं थोडं ओढलं जातं. व्हेपच्या लिक्विडमधलं प्रॉपिलीन ग्लायकोल ओलावा शोषतं, तोंड कोरडं पडतं, अबटमेंटच्या (इम्प्लांट आणि कॅप जोडणाऱ्या भागाच्या) मानेशी प्लाक, म्हणजे जंतूंचा थर, साचतो. सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे हिरडीतून रक्तच कमी येतं. "प्रोबिंगला (हिरडीच्या फटीत बारीक सळई घालून खोली मोजताना) रक्त नाही, म्हणजे ठीक" हा भरवसा इथे चालत नाही. कॅप बसवली की पॅरलल पद्धतीने (फिल्म इम्प्लांटला समांतर ठेवून) एक्स-रे घ्या, सहा जागी हलक्या हाताने, सुमारे २५ ग्रॅम दाबाने, खोली नोंदवा. पुढे तुलना त्याच्याशीच. जुनी नोंद नसेल तर २०१७ च्या वर्गीकरणाप्रमाणे पेरी-इम्प्लांटायटिस (इम्प्लांटभोवतीची सूज आणि हाडाची झीज) ठरवायला प्रोबिंगला रक्त किंवा पू, ६ मिमी वा अधिक खोली आणि हाड इम्प्लांटच्या हाडातल्या भागाच्या वरच्या कडेपासून ३ मिमी वा अधिक खाली, हे तिन्ही लागतं. रक्तच दबलेलं असेल तर निदान इथेच अडतं.

जबड्याचे_सर्जन: ओढण्याचा मुद्दा राहिला. व्हेप ओढताना तोंडात जे सक्शन तयार होतं त्याने ताज्या जखमेतली रक्ताची गुठळी हलू शकते. बोन ग्राफ्ट (हाडाची भर) किंवा सायनस लिफ्ट (वरच्या जबड्यात सायनसचा तळ उचलून हाड भरणं) असेल तर जास्तच जपावं लागतं. झिरो-निकोटिन लिक्विडनेही हे टळत नाही. सिगारेटसाठीचा बेन यांचा नियम, शस्त्रक्रियेआधी १ आठवडा आणि नंतर ८ आठवडे बंद, व्हेपलाही लावावा. तलफ भागवायला त्वचेवर चिकटवायचा निकोटिनचा पॅच द्या. निकोटिनचा गम नको, टाक्यांशेजारी चघळणं चालू राहतं.

कॅप_आणि_ब्रिज: पॅचमध्येही निकोटिनच ना? मग व्हेपला नकार आणि पॅचला होकार कसा?

जबड्याचे_सर्जन: प्रश्न रास्त आहे. पॅच टप्प्याटप्प्याने उतरवून काही आठवड्यांत बंद करता येतो, आणि हिरडीवर वाफ येत नाही. व्हेप किती ओढला याचा हिशोब पेशंटलाही नसतो.

कॅप_आणि_ब्रिज: मग रेषा शस्त्रक्रियेच्या प्रकारावर आखा. खालची एकच दाढ, हाड भरपूर, टॉर्क (इम्प्लांट किती घट्ट बसला त्याचं माप) ३५ न्यूटन-सेंटिमीटर मिळाला, तर धोका समजावून, संमतिपत्रावर व्हेप लिहून घेऊन मी इम्प्लांट बसवेन. त्याच दिवशी चार इम्प्लांटवर पूर्ण ब्रिज हवा असेल, तर व्हेप बंद होईपर्यंत थांबायला मीही सांगेन.

हिरडीतज्ज्ञ: एका दाढेलाही दर ३ महिन्यांनी तपासणी लावणार असाल, तर माझी हरकत नाही.