मोत माउलीला मेणाचा पाय वाहायचाय

सी-३०४: नमस्कार. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून आईच्या मनात आहे, बांद्र्याच्या माउंट मेरी चर्चमध्ये मोत माउलीला, म्हणजे मरियामातेला, मेणाचा पाय वाहायचा. आम्ही ख्रिश्चन नाही, चालेल ना? आणि सण तर ८ सप्टेंबरला झाला, मग जत्रा अजून कशी चालू?

ए-१०२: चालेल म्हणजे काय! माझी आजी कोळीण, एक वर्ष चुकवलं नाही तिने. मूर्ती समुद्रात कोळ्यांनाच सापडली, असं आमच्याकडे सांगतात.

बी-२०१: बाळा, आईंना जरूर ने. ८ तारखेनंतरच्या रविवारी जत्रा सुरू होते ती पुढच्या रविवारपर्यंत. ८ तारीख हा मरियामातेचा जन्मदिवस. संतांचा सण बहुधा त्यांच्या मृत्यूच्या दिवशी असतो. जन्मदिवस पाळतात ते तिघांचेच: येशू, मरिया आणि योहान बाप्तिस्ता. तिच्या जन्माची गोष्ट बायबलमध्ये नाहीच, आईवडिलांची नावं योवाकीम आणि अन्ना, तीही परंपरेने आलेली.

माझ्यासाठी हा सण म्हणजे आधीचे नऊ दिवस. वसईला वाडीतली जास्वंद, तगर, मिळेल ते परडीत घेऊन आम्ही मुलं नोव्हेनाला, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, जायचो. पावसाने भिजलेल्या पाकळ्या तळहाताला चिकटायच्या, वाहताना सुटायच्याच नाहीत. आई म्हणायची, राहू दे, एक पाकळी तुझ्यासाठी. माझी जाऊ मंगळूरची. तिच्याकडे त्या दिवशी भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादित करून आणतात, त्यातले दाणे वाटून दुधात घालतात आणि घरातला प्रत्येकजण ते घेतो. जेवण शाकाहारी, नेहमी मासे खाणाऱ्या घरात!

सी-३०४: काकू, पाय वाहताना काही म्हणायचं असतं का?

बी-२०१: आपल्या भाषेत, मनातलं. आम्ही मरियेची आराधना करत नाही, ती फक्त देवाची. तिला सांगायचं, माझ्यासाठी तुझ्या मुलाकडे शब्द टाक. घर हवं असलेले मेणाचं घर आणतात, मूल हवं असलेले बाळ. आईंचा गुडघा बरा झालाय ना? मग आधी आभार माना.

सी-३०४: हो, आता जिना चढते ती. 🙏

ए-१०२: रविवारी नको, फार गर्दी. मंगळवारी सकाळी जा. बांद्रा स्टेशनवरून बेस्टच्या जादा बस असतात.

बी-२०१: मीही येते. सहाला गेटजवळ भेटू. आईंना बसायला घडीची खुर्ची घे, रांगेत वेळ लागतो.