'मिनिस्टर'साठी मराठी शब्द कोणता? (पॅट्रिक बेल यांच्या चरित्राच्या निमित्ताने)

माळरान:
पॅट्रिक बेल (१७९९–१८६९) यांच्या चरित्राचं मराठी करतोय. स्कॉटलंडमधल्या अँगस परगण्यातला शेतकरी-पुत्र, कापणी यंत्राचा कर्ता, १८४३ पासून मरेपर्यंत कारमायली गावचा मिनिस्टर, म्हणजे गावचं चर्च सांभाळणारा. हा 'मिनिस्टर' अडलाय. भाषांतराचं ॲप 'ग्रामीण मंत्री' म्हणतं, ते सोडा. पण मी लिहिलेलं 'पाळक' खोडून संपादकांनी 'धर्मगुरू' केलं; 'पाळक' वाचून गुरं पाळणारा वाटेल, असं त्यांचं म्हणणं. दुसरी अडचण 'ग्लीब'ची, म्हणजे मिनिस्टरला कसायला मिळणारी जमीन. इनाम म्हणू की वतन?

दौतटाक:
'धर्मगुरू' नको. गुरू म्हटलं की दीक्षा आणि शिष्यपरंपरा आली. प्रेस्बिटेरियन (स्कॉटलंडच्या प्रॉटेस्टंट पंथाच्या) मिनिस्टरचं काम निराळं: रविवारचा उपदेश, बाप्तिस्मे, लग्नं, आजाऱ्यांची विचारपूस आणि मंडळीतल्या (चर्चच्या सभासदांतल्या) वडीलधाऱ्यांबरोबर बसून कारभार. १८४५ च्या कायद्याआधी गावातल्या गरिबांना मदत वाटणंही याच बैठकीकडे असे. मराठी प्रॉटेस्टंट मंडळी रोजच्या बोलण्यात 'पाळक'च म्हणतात. मराठी बायबलातही 'पाळक व शिक्षक' असा जोडीने येतो. ज्यांची ही संस्था त्यांचाच शब्द घ्यावा.

चावडी:
सरळ 'पाद्री' लिहा, शेंबड्या पोरालाही कळतो.

दौतटाक:
कळतो, पण चुकीचं कळतं. तो पोर्तुगीज 'पाद्रे'वरून आला, म्हणजे 'बाप'. मुळात रोमन कॅथलिकांचा, अविवाहित फादरांचा. स्कॉटिश मिनिस्टर बायकोपोरांसह गावात राहणारा. चरित्रात कुटुंब महत्त्वाचं असेल तर 'पाद्री'ने वाचकाची सुरुवातीलाच दिशाभूल होते.

चावडी:
मूळ अर्थच धरायचा तर 'मिनिस्टर' लॅटिनमध्ये 'सेवक'. मग 'सेवक' लिहा! शब्द वापराने ठरतो, व्युत्पत्तीने नाही. आज कुठल्याही पंथाच्या माणसाला लोक पाद्रीच म्हणतात.

सातबारा:
ग्लीबबद्दल. 'वतन' अजिबात नको. वतन पिढीजात, बापामागून मुलगा. ग्लीब पदाला जोडलेली. मिनिस्टर वारला की त्याच्या घरच्यांना घर (त्याला 'मॅन्स' म्हणतात) आणि जमीन दोन्ही सोडावी लागत. म्हणून तर स्कॉटिश चर्चने १७४० च्या दशकातच मिनिस्टरांच्या विधवांसाठी फंड काढला. प्रत्येकाने दरसाल वर्गणी भरायची, मागे बायकोला वर्षासन. 'वतन' लिहिलंत तर विधवेवर घर सोडायची वेळ का आली, हे वाचकाला उमगणारच नाही.

जमीन मोजकीच: कायद्याने किमान ४ एकर लागवडीची, शिवाय एक घोडा आणि दोन गाई चरतील एवढं गवत. एवढ्यावर घोडं पोसून नांगरट करणं परवडत नसे. त्यामुळे बरेचजण शेजारच्या शेतकऱ्याकडून नांगरून घेत किंवा तुकडा खंडाने देत. मला 'देवस्थान इनाम' सर्वांत जवळचं वाटतं: विकता येत नाही, पद असेतो वहिवाट.

दौतटाक:
'देवस्थान' म्हटलं की देऊळ, पुजारी, गुरव उभे राहतात. 'पदाची जमीन' म्हणा.

सातबारा:
'पदाची जमीन' हा शब्द कुठल्या तलाठ्याने वापरलाय?

चावडी:
पगाराचं काय? बलुतंच ना ते?

सातबारा:
नाही. बलुतं खळ्यावर, शेतकऱ्याच्या हातून. तिथे देणं गावच्या जमीनदारांवर. रक्कम धान्यात ठरे, साधारण अर्धं ओटचं पीठ आणि अर्धं बार्ली. त्या वर्षीचा परगण्याचा सरकारी भाव लावून पैसे हाती. धान्य महागलं की मिनिस्टरची चंगळ, स्वस्त झालं की ओढाताण. १८१० च्या कायद्याने किमान वर्षाला १५० पौंडांची हमी आली. हा पगार ज्या करातून निघे तो मूळचा दहाव्या हिश्शाचा, म्हणून त्या करापुरता बायबलचा 'दशमांश' चालेल, पगाराला नाही.

विळाकोयता:
मथळ्यात 'पाळकाने लावलेला शोध' असं लिहू नका. यंत्र १८२७-२८ चं, तेव्हा बेल धर्मशास्त्राचे विद्यार्थी. वडील ऑख्टरहाउस भागात मिड लिओखला शेती करत. तिथल्या छपरीत बेलनी माती आणून पसरली, ओटची ताटं एकेक करून रोवली आणि यंत्र स्वतः ढकललं. कापलं छान, पण ताटं वाटेल तशी पडली. मग पात्यांमागे फिरता कॅनव्हासचा पट्टा आला, त्याने कापलेलं पीक एका बाजूला ओळीत पडायला लागलं. पीक पात्यांकडे झुकवायला वर रहाटासारखं फिरतं चाक. घोडे मागून ढकलणारे, कारण पुढे जुंपले तर उभं पीक तुडवतील. मात्र मागून ढकलताना वळणावर यंत्र आवरणं जड जातं. भाऊ जॉर्जने ते यंत्र इंचमायकेलच्या शेतावर वर्षानुवर्षं वापरलं. पेटंट बेलनी घेतलंच नाही.

आणि 'कापणी यंत्र' का? 'सोंगणी यंत्र' म्हणा. गव्हाची सोंगणीच असते.

चावडी:
नाशिक-नगरकडे. कोकणात भाताची कापणी. सोलापूरकडे ज्वारी उपटतात, ती काढणी.

विळाकोयता:
उपटण्याचा इथे संबंधच नाही. बेलचं यंत्र कात्रीसारखं, जोडपात्यांनी कापणारं.

दौतटाक:
मग 'कापणी'च बरोबर झालं की.

विळाकोयता:
सोंगणीही विळ्याने कापूनच होते. 'कापणी'त भातही आला आणि कडबाही. नेमका शब्द असताना मोघम का घ्यायचा?

चावडी:
आज शेतकरी 'रिपर' म्हणतो. तोच लिहा.

माळरान:
संपादकांना 'पाळक' कळवतोय, मंडळीतला वापर दाखवून. ग्लीबसाठी 'देवस्थान इनाम' मला जड वाटतंय, 'चर्चची इनाम जमीन' कसं?

सातबारा:
इनाम राज्यकर्ते देतात. इथे कायद्याने गावच्या जमीनदारांवर लादलेलं आहे. 'इनाम'ही नको मग.

विळाकोयता:
सोंगणीचं काय ठरलं?