एका घाटानं उतरा, दुसऱ्यानं चढा : कोल्हापुरातून गाडीनं कोकण (अनुभव धागा)

दिवाळी जवळ आली की ओळखीपाळखीत एक प्रश्न हमखास येतो: चार दिवस सुट्टी आहे, गाडी आहे, कोकण सगळं बसवता येईल का? नाही बसत. राज्याचा किनारा सातशे किलोमीटरहून लांब, आणि रस्ता काही किनाऱ्याला धरून सरळ जात नाही. प्रत्येक खाडीपाशी तो आत वळतो, पूल गाठतो आणि मग पुन्हा समुद्राकडे येतो. नकाशावर बोटभर दिसणारं अंतर सकाळ खाऊन टाकतं.

पण आपल्याला एक गोष्ट मिळालेली आहे जी मुंबई-पुण्याच्या माणसाला नाही. त्यांना कोकण वरून खाली असं उभं करावं लागतं. आपल्या दारातून आंबा, अणुस्कुरा, भुईबावडा, करूळ, फोंडा, आंबोली असे घाट एकाशेजारी एक उतरतात. म्हणून माझं ठाम मत आहे की कोल्हापूरकरानं कोकणाचे तुकडे पाडावेत. एका घाटानं उतरायचं, किनाऱ्याचा तेवढाच पट्टा सावकाश बघायचा आणि शेजारच्या घाटानं वर यायचं. उरलेलं पुढच्या खेपेला.

तुम्ही कसं करता ते लिहा. नावाऐवजी पेठ किंवा भाग लिहिला तरी चालेल. हॉटेलांची जाहिरात नको, निसर्गाबद्दल आणि रस्त्याबद्दल लिहा.

शिवाजी पेठ

आमचा ठरलेला फेरा करूळ-फोंडा. पहाटे रंकाळ्यावरून निघायचं, फुलेवाडी मागं पडली की उसातनं थेट गगनबावडा. तिथं चहा घ्यायचाच, कारण पुढं रस्ता फुटतो: करूळ घाटानं वैभववाडी, नाहीतर भुईबावड्यानं खारेपाटण. करूळ रस्त्याच्या कामासाठी बरेच महिने बंद होता, तेव्हा भुईबावड्यानं उतरत होतो. रस्ता अरुंद, पण दरी बघावी ती तिथूनच.

तळेऱ्यावरून विजयदुर्ग, मग सागरी रस्त्यानं देवगड, कुणकेश्वर, मिठबाव, तांबळडेग, आचरा, मालवण. एका दिवसात होतंय की. पण मग फक्त डांबर बघून होतंय. कुणकेश्वराच्या आसपास मुक्काम टाका. देवगडच्या सड्यावरनं, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरनं, जाताना गाडी बाजूला घेऊन खाली उतरा. काळ्या-तांबड्या कातळात खड्डे फोडून, बाहेरनं माती आणून भरून हापूस उभा केलाय लोकांनी. आपल्या काळ्या मातीतल्या माणसाला ते बघून आदर वाटल्याशिवाय राहत नाही.

मालवणातनं निघाल्यावर कुडाळच्या वाटेवर धामापूरचा तलाव चुकवू नका. १५३० सालचा तलाव, भोवती दाट झाडी, आणि २०२० मध्ये त्याला जागतिक सिंचन वारसा म्हणून मान मिळाला. मग कणकवलीवरून फोंडा चढायचा आणि दाजीपूर, राधानगरी करत घरी. दाजीपूरचं जंगल अंधार पडायच्या आत ओलांडा. गवे रस्त्यावर येतात. आले तर दिवे बारीक करायचे, हॉर्न वाजवायचा नाही, त्यांचं चालून होईपर्यंत थांबायचं.

राजारामपुरी

लहान मुलं आणि सासूबाई बरोबर असतात, त्यामुळे आमचं नियोजन गाडी लागण्याच्या हिशेबानं. घाटाआधी पोटभर नाश्ता नाही. मुलांना मधल्या रांगेत, नजर समोरच्या रस्त्यावर, मोबाईल बंद. आलेपाक जवळ. आणि आंबा घाट, कारण वळणं असली तरी रस्ता रुंद आहे. रत्नागिरी साधारण १३० किलोमीटर.

आरे-वारेचा रस्ता तुम्ही फोटोत बघितला असेल. डोंगराच्या कडेनं जाताना खाली दोन किनारे एकदम दिसतात. तिथं वरच थांबावं, खाली पाण्यात उतरू नये. गणपतीपुळ्यालाही तेच सांगेन. देवळासमोरचा समुद्र बघायला शांत वाटतो, पण वाळू पायाखालून लगेच उतरत जाते आणि लाट परत जाताना ओढते. दरवर्षी माणसं जातात तिथं, आपल्या घाटमाथ्यावरचीच जास्त, कारण नदीत पोहता येतं म्हणून समुद्रातही येईल असं त्यांना वाटतं. मुलांना पाण्यात खेळवायचं असेल तर किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाला विचारा कुठं उतरायचं. तो नाही म्हणाला तर वाळूतच खेळवा.

कसबा बावडा

नियोजनात लोक पेट्रोल, खोली, जेवण सगळं लिहितात, भरती-ओहोटी कुणी लिहीत नाही. आणि किनाऱ्यावर तुम्हाला काय दिसणार ते तिच्यावरच ठरतं. मालवणात ज्यांच्या घरी आम्ही उतरतो ते काका मासेमारीवाले. त्यांनी शिकवलेला हिशेब इथं देतो, भिंतीवरच्या कॅलेंडरावर करता येतो.

त्या दिवसाची तिथी घ्या. तिला तीननं गुणा, चारनं भागा. जे येईल त्या वाजता पूर्ण भरती, सकाळीही आणि रात्रीही. अष्टमी असेल तर आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा. सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला पाणी भरलेलं, दुपारी बाराच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा धरायचे, सव्वाअकरा येतात, म्हणजे दुपारी भरती आणि संध्याकाळी पाच-सहाला ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं धरा, जागेप्रमाणे फरक पडतो. दर दिवशी भरती सुमारे पन्नास मिनिटं पुढं सरकते, त्याचाच हा सोपा हिशेब.

आता याचा उपयोग बघा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. भरती मोठी आणि ओहोटीही खोल. त्या दिवसांत मावळतीच्या वेळी पाणी लांब आत गेलेलं असतं, किनारा दुप्पट रुंद होतो आणि खडकांतली डबकी उघडी पडतात. शंखातले खेकडे, समुद्रफुलं, नशीब असेल तर तारामासा. बघायचं, उचलायचं नाही. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी फार हलत नाही. गुहागर तालुक्यात हेदवीला बामणघळ आहे, कातळातली चीर. तिथं उलटं, भर भरतीला जायचं, तरच पाणी चिरेतून उसळून उंच उडतं. ओहोटीला गेलेली माणसं रिकामी घळ बघून येतात. देवबागेला कर्लीच्या मुखाशी वाळूचं बेट आहे, लोक त्सुनामी बेट म्हणतात, तेही ओहोटीलाच नीट वर येतं.

म्हणजे आधी तिथी, मग जागा, मग खोली. हा क्रम आमच्या घरी पक्का आहे.

शाहूपुरी

विजेच्या गाडीवाल्यांसाठी थोडक्यात. घाट उतरताना ब्रेकची ताकद बॅटरीत परत जाते, त्यामुळे खाली पोचल्यावर आकडा बघून खूश व्हायला होतं. तोच आकडा परतीच्या चढाला पुरत नाही. सागरी रस्त्यावर चार्जिंग मिळेलच असं धरू नका. महामार्गावरच्या मोठ्या गावात पूर्ण भरून मगच घाटाला लागा. पेट्रोलवाल्यांनाही हेच, किनाऱ्यावर पंप लांब लांब आहेत.

मंगळवार पेठ

धागाकर्त्याशी माझं पटत नाही. तुकडे पाडा हे सुट्टी कमी असणाऱ्यांना ठीक. पण कोकण उभं करण्यात वेगळी मजा आहे आणि ती फेरीबोटीत आहे. रत्नागिरीहून जयगडला जायचं, गाडी बोटीत घालायची, पलीकडे तवसाळला उतरायचं. मग हेदवी, वेळणेश्वर, गुहागर. पुन्हा धोपावे ते दाभोळ बोट, आणि दापोलीत शिरायचं. खाडीला वळसा घालण्यात जो वेळ जातो तो वाचतो, वर पाण्यावरचा वारा मिळतो. बोटीवर उभं राहिल्यावर दोन्ही काठांची कांदळवनं दिसतात, ती रस्त्यावरून कधीच दिसत नाहीत. परत येताना चिपळूणवरून कुंभार्ली घाट चढायचा, पाटण-कऱ्हाड करत कोल्हापूर. लांब पडतं, कबूल. पण हातात आठवडा असेल तर हेच करा.

धागाकर्ता

मंगळवार पेठेचं म्हणणं मान्य, आठवडा असेल तर. शेवटची बोट किती वाजता सुटते ते आदल्या दिवशी विचारून ठेवा, मोसमाप्रमाणे वेळा बदलतात.

रुईकर कॉलनी

सगळे समुद्राकडे तोंड करून बसलेत, म्हणून मी सड्याबद्दल लिहिते. आंबा उतरून रत्नागिरी, मग पावस, पूर्णगड, गावखडी, कशेळी असा रस्ता धरा आणि परतताना राजापूर, ओणी, पाचल करत अणुस्कुऱ्यानं चढा. बाजारभोगाव, कळे करत घरी येता येतं. या फेऱ्यात गर्दी जवळजवळ नाही.

या पट्ट्यातल्या जांभ्या कातळावर हजारो वर्षांपूर्वी माणसांनी चित्रं कोरून ठेवली आहेत. कातळशिल्पं. कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे आणि त्याच्या पोटात, पायात कितीतरी लहान प्राणी कोरलेले आहेत. उभं राहून एका नजरेत तो मावत नाही, कडेकडेनं चालत जावं लागतं. काही ठिकाणी गेंडा कोरलेला आहे. गेंडा आज कोकणात कुठंच नाही. म्हणजे ज्यानं कोरला त्यानं तो कुठंतरी पाहिला होता, आणि त्या वेळचं हे रान कसं असेल या विचारानं मी तिथं ऊन चढेपर्यंत बसून राहते. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, जांभरूण आणि सिंधुदुर्गात कुडोपी ही त्यातली नावं.

सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा, तिरक्या उजेडात रेघा उठून दिसतात. दुपारी कातळ तापतो आणि रेघा विरतात. चपला काढून, कडेनं चाला. रेघेत खडू भरून फोटो काढणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांना थांबवलंही आहे. तुम्हीही थांबवा. कशेळीतच कनकादित्याचं मंदिर आहे आणि जवळ देवघळीचा किनारा, उंच कड्यावरून दिसणारा. संध्याकाळ तिथं काढा.

उत्तरेश्वर पेठ

पावसाळ्यात जाणाऱ्यांनो, आधी पंचगंगा बघा. राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, हे आपल्याला पाठ आहेच. पाणी चढत असेल तर केर्लीजवळ रत्नागिरी रस्ता आणि बालिंगा-मांडुकलीकडं गगनबावडा रस्ता बंद पडतो. उतरायला मिळालं म्हणून खूश होऊ नका, परत यायला मिळेल का ते बघा. घाटात दरडीचं वेगळंच.

जून ते ऑगस्ट समुद्रात काहीच नसतं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद, स्कुबा बंद, जून-जुलैत यांत्रिक बोटींच्या मासेमारीलाही बंदी. त्या महिन्यांत डोंगराकडं तोंड करायचं: आंबोली, वैभववाडीजवळचा नापणे, कणकवलीकडचा सावडाव, देवरुखच्या वरचा मार्लेश्वर. ऑगस्ट-सप्टेंबरात सड्यावर फुलं येतात, इवलीइवली, निळी-जांभळी-पिवळी. गुडघे टेकून बघायची. त्यातली काही किडे खाणारी आहेत.

फुलेवाडी

आमचं दुचाकीवाल्यांचं टोळकं आजरा-आंबोलीनं उतरतं. आंबोलीला हिरण्यकेशीचा उगम बघतोच, तिथं सापडलेल्या माशाच्या नव्या जातीमुळं २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. मग सावंतवाडी, वेंगुर्ला. वेंगुर्ल्यात मांडवी खाडीत बचत गटाच्या महिला होडीतून कांदळवन दाखवतात. वल्ह्याची होडी, इंजिनाचा आवाज नाही, म्हणून पक्षी उडत नाहीत. त्या ज्या बारकाईनं झाडं ओळखून दाखवतात, ते ऐकण्यासाठी जा.

भोगवे आणि देवबाग समोरासमोर आहेत, मधे फक्त कर्लीचं मुख. पलीकडची माणसं दिसतात. पण गाडीला खाडीचा मोठा वळसा पडतो, हे धरून वेळ काढा. आणि डॉल्फिन बघायला निघालात तर लाइफ जॅकेट अंगावर चढल्याशिवाय बोट हलू देऊ नका. एकानं आम्हाला "लागत नाही" म्हणून सांगितलं, आम्ही सगळे खाली उतरलो आणि दुसरी बोट धरली.

सम्राटनगर

सगळं वाचलं. फेब्रुवारीत आई-वडिलांना न्यायचं आहे, दोघं सत्तरीच्या पुढं. वडिलांना कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायची आहेत. वेळासला जावं म्हणतो. दोन मुक्काम जमतील.

नागाळा पार्क

वेळास मंडणगड तालुक्यात, कोल्हापुरातून फार लांब. कासव संवर्धनाचं काम तिथं २००२ पासून उभं राहिलं म्हणून नाव मोठं, पण ऑलिव्ह रिडले जातीची ही कासवं आपल्या जवळच्या किनाऱ्यांवरही येतात. गावखडीला घरटी असतात, वेंगुर्ल्याजवळ वायंगणीला असतात. सत्तरीतल्या माणसांना गावखडी बरी. आंबा घाटानं उतरा, मुक्काम पावस किंवा गावखडीत.

मादी रात्री वाळूत खड्डा करून शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते. मग गावातले कासवमित्र अंडी हॅचरीत, म्हणजे किनाऱ्यावरच्या कुंपण घातलेल्या जागेत, नेऊन पुरतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात. ती कधी येणार हे वाळूच्या उष्णतेवर असतं, आपल्या सुट्टीवर नाही. पिल्लं सोडतात ती पहाटे किंवा मावळतीला. दोरीच्या मागं उभं राहायचं, फ्लॅश नाही, हातात घ्यायला मागायचं नाही.

कसबा बावडा

पौर्णिमेच्या आसपासचा शनिवार-रविवार मिळतो का बघा. संध्याकाळी ओहोटी असेल, वाळू घट्ट आणि सपाट, वडिलांना चालायला सोपं जाईल. पिल्लांना मात्र त्या दिवशी पाण्यापर्यंत जास्त चालावं लागेल, म्हणजे बघायलाही जास्त वेळ मिळेल. दुसऱ्या दिवशी सकाळी कशेळी, दुपारी आराम, आणि परतीला पुन्हा आंबाच घ्या. अणुस्कुऱ्याची वळणं त्या वयात नकोत.

नागाळा पार्क

आणि खोली ठरवायच्या आधी गावात फोन करून विचारा की त्या आठवड्यात कुठलं घरटं भरत आलंय. तारीख त्यांनी सांगितली की रजा टाका.