'नेव्ह' आणि 'चॅन्सल'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या चर्चविषयीचा लेख मराठीत आणते आहे. 'नेव्ह'ला सभामंडप आणि 'चॅन्सल'ला गाभारा म्हटलं तर चालेल का?

उत्तर: सभामंडप खुशाल वापरा. लोक जमतात, बसतात ती जागा. अर्थ नेमका पोचतो.

गाभारा मात्र खटकतो. गाभारा म्हटलं की अंधार, नंदादीप आणि मूर्ती डोळ्यांपुढे येते. चॅन्सलमध्ये वेदी असते हे खरं, पण धर्मगुरू आणि गायकवृंदही तिथेच बसतात आणि पूर्वेच्या मोठ्या खिडकीतून भरपूर उजेड येतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ जाळी. मंडप आणि वेदी यांच्यामध्ये मध्ययुगात कोरीव लाकडी जाळीचा आडपडदा असे. नॉरफकमधल्या काही चर्चमध्ये तो अजून उभा आहे. खालच्या फळ्यांवर संत रंगवलेले, आणि त्यांतल्या काहींचे फक्त चेहरे खरवडलेले. सोळाव्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेच्या काळातली ही मोडतोड. मी 'वेदीकक्ष' सुचवेन.

दोन वेगळे शब्द हवेतच, कारण दोन्हींचा खर्चही वेगळा होता. मंडपाची डागडुजी गावकऱ्यांकडे, वेदीकक्षाची रेक्टरकडे. गावात लोकरीचा पैसा खेळू लागला की मंडप उंच, रुंद खिडक्यांचा व्हायचा आणि रेक्टरनं हात आखडला तर शेजारचा वेदीकक्ष तसाच जुना, बुटका राहायचा. छपरांच्या उंचीतला हा फरक बाहेरूनही दिसतो. लेखात छपरांचं वर्णन असेल तर ते गाळू नका.

प्रश्न: रेक्टर म्हणजे तिथला पाद्रीच ना?

उत्तर: दरवेळी नाही. गावच्या उत्पन्नाचा दशांश ज्याला मिळे तो रेक्टर, मग तो एखादा मठही असे. १५३६ ते १५४० या काळात मठ बरखास्त झाले, दशांशाचे हक्क जमीनदारांच्या हाती गेले आणि दुरुस्तीचं ओझंही त्यांच्याच गळ्यात पडलं. ते अजून सुटलेलं नाही: वॉरिकशायरमधल्या अ‍ॅस्टन कँटलो इथल्या वेदीकक्षाचा खर्च एका शेताच्या मालकांनीच द्यायचा, असा निकाल हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयानं, २००३ साली दिला. तेव्हा 'पाद्री' नको, 'रेक्टर'च ठेवा आणि पहिल्यांदा येईल तिथे अर्थ सांगा.

प्रश्न: आणि 'पॅरिश'?

उत्तर: 'धर्मग्राम', म्हणजे एका चर्चच्या कक्षेतला परिसर. वसईकडच्या ख्रिस्ती मराठीत तो रुळलेला आहे. फक्त १८९४ पासूनच्या पॅरिश कौन्सिलचा उल्लेख असेल तिथे 'पॅरिश'च राहू द्या. तो गावकारभाराचा भाग आहे, चर्चचा नाही.