गुन्हेगारीवरचं धोरण पुराव्यावर ठरवायचं की लोकांच्या संतापावर?

रातकिडा:
अमेरिकेत ७०च्या दशकात 'स्केअर्ड स्ट्रेट' नावाचा प्रकार निघाला. वाया चाललेल्या पोरांना थेट तुरुंगात न्यायचं आणि जन्मठेपेच्या कैद्यांकडून सणसणीत दम द्यायचा, बस. सगळ्यांना जाम आवडलं, टीव्हीवर पण गाजलं. नंतर चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून केलेल्या अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला तर आत नेऊन आणलेली पोरं न नेलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे करत होती! तरी तसले कार्यक्रम चालूच राहिले. मग धोरण ठरवताना आधी तपासून बघा म्हटलं की लोकांच्या पोटात का दुखतं?

सडेतोड:
चिठ्ठ्या पोरांवर टाकल्या ते ठीक, पण अमेरिकेतल्याच मिनियापोलिस शहरात १९८१-८२ ला घरात मारहाण करणाऱ्यांवर पण हेच केलं. चिठ्ठीत निघेल तसं कुणाला अटक, कुणाला नुसती समजूत, कुणाला काही तास घराबाहेर. मार खाणाऱ्या बाईला विचारलं होतं का कुणी?

रातकिडा:
प्रश्न रास्त आहे. पण त्याआधी काय चालायचं? अटक करायची की समजावून परत जायचं हे दारात उभा असलेला पोलीस मनाला येईल तसं ठरवायचा, ती पण चिठ्ठीच ना, फक्त नोंद नसलेली.

सडेतोड:
बरं, मग पुढचं पण सांग की. अटकेने पुन्हा मारहाण कमी होते असं निघालं आणि त्या जोरावर बऱ्याच राज्यांनी अटक सक्तीची केली. मग तोच प्रयोग दुसऱ्या शहरांत केला तर निकाल वेगवेगळे, काही ठिकाणी तर बेरोजगार माणसाला अटक केल्यावर मारहाण वाढली. तोवर कायदे होऊन बसले होते. हाच का तुझा पुरावा?

फाईलवाला:
@सडेतोड हे पुराव्याच्या विरोधात कुठे आहे, हे घाईच्या विरोधात आहे. अमेरिकेच्या हवाई राज्यात २००४ पासून 'होप' नावाची योजना चालली, प्रोबेशनची (म्हणजे तुरुंगाऐवजी अटी घालून देखरेखीखाली बाहेर ठेवण्याची) अट मोडली की लगेच पण थोड्याच दिवसांची कोठडी. तिथे छान चाललं, नंतर इतर ४ ठिकाणी लावून बघितलं तर नेहमीच्या प्रोबेशनपेक्षा फारसा फरक नाही. कागदावर योजना तीच. म्हणून कायद्यातच लिहा की अमुक वर्षांनी बाहेरच्या माणसांकडून तपासणी, आणि फरक दिसला नाही तर योजना आपोआप बंद.

सडेतोड:
आपोआप बंद म्हणे, निवडणुकीच्या वर्षात करून दाखवा 😄 आणि शिक्षा काय फक्त गुन्हे कमी करायला असते का? ज्याचं माणूस गेलं त्याला आकडे दाखवणार?

रातकिडा:
नाही दाखवणार. खुन्याला किती शिक्षा द्यायची हा न्यायाचा प्रश्न, तिथे मी तुझ्यासोबत. पण १५ वर्षांच्या पोराला तुरुंग दाखवायला न्यायचं की नाही, यात कुणाचा न्याय अडलाय?