मदत हवी आहे : करंज बायोडिझेलमध्ये इथेनॉल घातलं की इंजिन खडखडतंय

राम राम मंडळी. मी औसा तालुक्यातला, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी शेतातल्या जुन्या ५ एचपीच्या एक सिलेंडर डिझेल इंजिनवर मिश्रणं चालवून बघतोय.

२० टक्के करंज बायोडिझेलवर इंजिन छान चाललं. धूर डोळ्यांना दिसेल इतका कमी झाला. बायोडिझेलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे ते पटतं. इंधन जरा जास्त लागतं, तेही ठीक.

खरी अडचण इथेनॉलची. १० टक्के घातलं की सकाळी हँडल मारून मारून हात भरून येतात, आणि कमी लोडला खडखड आवाज. इथेनॉलचा सिटेन नंबर (इंधन किती पटकन पेट घेतं त्याचा आकडा) १० च्याही खाली, डिझेलचा ५० च्या आसपास, म्हणून पेट घ्यायला उशीर होतो, एवढं कळतं. पण मग इंजेक्शनचं टायमिंग (सिलेंडरमध्ये इंधन फवारायची वेळ) आणखी आधी घ्यावं का? तसं केलं तर नायट्रोजन ऑक्साइड वाढतील, ही धास्ती. की इथेनॉल सोडून ब्युटेनॉल (तेही एक अल्कोहोलच) घ्यावं? ते डिझेलमध्ये जास्त सहज मिसळतं, ओलाव्याने लगेच वेगळं होत नाही.

शिवाय इंधनाच्या नळीचं रबर फुगलंय. रब्बीत हेच इंजिन वडिलांना विहिरीवर लागतं, ते बिघडवून चालणार नाही. कुणी स्वतः चालवून पाहिलं असेल तर कृपया सांगा.